ताल्साला जाणारं विमान

२९ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो! एकतीस–चोवीस, आणि तेही पडत्या बर्फात! मोसमात नऊ विजय. कॅल्डरच्या कॉलेजाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं असं सत्तावीस वर्षांत झालं नव्हतं. सगळं गाव मैदानावर उतरलं, फादर मार्टीसुद्धा. चर्चमधली संध्याकाळची मिसा त्यांनी मॅच संपेपर्यंत खुशाल पुढे ढकलली, आणि वर प्रवचन कशावर? धीरावर! धीर आम्ही धरला होता, ते तर गोलखांबाला लोंबकळत होते.

टीव्हीवर नुसता केसलर. मुख्य कोच ब्रॉडी केसलर. वय छत्तीस, दात बत्तीस, आणि बोलताना सगळे दिसतात. "हे सगळं मुलांचं श्रेय." असेल. पण चेंडू फेकणाऱ्या पोराच्या पुढे भिंतीसारखे उभे राहतात ते पाच धिप्पाड गडी कुणी घडवले? माझ्या नवऱ्याने. एमेट हॅवलिक, पुढच्या फळीचा कोच, सहाय्यक. चौतीस वर्षं सहाय्यक! त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तो बर्फात उभा राहून एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होता. कॅमेऱ्याने तेवढी त्याची पाठ दाखवली.

३० नोव्हेंबर, रविवार

केसलर गेला!

मंगळवारी मुलांना म्हणाला होता, "मी कुठेही जात नाहीये." आज सकाळी दक्षिणेतल्या कुठल्याशा बड्या विद्यापीठाचं विमान आलं आणि स्वारी त्यात बसून गेली. मुलांना चार मिनिटं दिली. चार! मी लॅटिनच्या तासाला हजेरी घ्यायला याहून जास्त वेळ घेत असे.

मला कळलं ते किराणा दुकानात. अंडी घेत होते. गल्ल्यावरची लॉरीन म्हणाली, "अगं फिल, मग आता तुमचं काय?" कोचच्या बायकोला बातमी नेहमी अशीच कळते. चौथ्या गावात मटणाच्या दुकानात कळली होती, आठव्यात दाढ काढून घेताना. तेव्हा तर तोंडात कापूस होता. काही बोलताही आलं नाही — आयुष्यातली ती एकच वेळ.

एमेट दोन वाजता आला. "गेला," म्हणाला.

"माहीत आहे. अंडी बारा आणली आहेत."

टेक्ससला वीस तारखेला मोसमाअखेरची निमंत्रितांची मॅच आहे, तोवर हंगामी मुख्य कोच म्हणून एमेटला नेमलंय. मग नवा माणूस येणार. आणि नवा आला की आपली माणसं घेऊन येतो. जुन्या सहाय्यकांच्या हातात खोकी. या धंद्याची रीतच आहे. तेरा गावं फिरलो अशी. अकरा शाळांत शिकवलं मी. बारा घरांच्या मागे शतावरी लावली, तिसऱ्या वर्षाआधी तिचे कोंब खुडायचे नसतात. एकदाही खुडले नाहीत. ज्यांनी खाल्ले त्यांना पचोत.

पण जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर हात आपटून सांगितलंय, हे घर शेवटचं. इथून मला सहा जण उचलून नेतील तेव्हाच हलेन.

म्हणजे उपाय एकच. मुख्य कोच एमेटच व्हायला हवा.

२ डिसेंबर, मंगळवार

कुणीतरी पहाटे आमच्या हिरवळीत 'घर विकणे आहे'ची पाटी ठोकून गेलं. केसलरसाठी होती म्हणे, घर चुकलं. त्याचं दोन घरं पलीकडे. पाटी उपटली आणि त्याच्या अंगणात नेऊन ठोकली. कपड्यांवर चिखल उडाला, पण छान व्यायाम झाला.

४ डिसेंबर, गुरुवार

शेजारचा गॉर्डी आला. गॉर्डी हा निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं बाहेरून वाचली, आता दुसऱ्यांची विमानं बघतो. कॉलेजच्या छोट्या विमानाचा नंबर त्याने फोनमध्ये घालून ठेवलाय; ते कुठे उडतं, कुठे उतरतं, सगळं नकाशावर दिसतं. कोच गेला की इथे निम्मं गाव हेच करतं. शेतकरी मक्याचे भाव बघायचे सोडून विमान बघतात.

"फिल," तो दारातूनच ओरडला, "विमान ताल्साला उतरलं!"

"मग?"

"मग काय मग? ताल्साला कोण आहे? तो पोरगा! तिथला कोच, तेहतीस वर्षांचा! सगळे डाव आयपॅडवर आखतो!"

ताल्सा! म्हणजे क्रीडा संचालक प्रिचर्डसाहेब एमेटला हंगामी म्हणून उभं करून पाठीमागून पोरगा आणायला निघाले.

एमेटला सांगितलं. तो सूप पीत होता. म्हणाला, "विमान आहे. उडणारच."

७ डिसेंबर, रविवार

आज पुन्हा ताल्सा. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर दुसरा विषय नाही. लॉरीनच्या मते त्या पोराच्या बायकोने कॅल्डरमधली घरंसुद्धा बघितली. माझं घर बघायला आली तर दाखवते!

चौतीस वर्षांचा हिशेब आज मनात घोळतोय. दर वेळी मुख्य कोचची जागा रिकामी झाली की एमेट कोट घालून मुलाखतीला जायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "दुसऱ्याला घेतलं." बस, दोन शब्द. मी मात्र पेटायचे. त्या सगळ्या क्रीडा संचालकांची नावं मला पाठ आहेत. रोज झोपण्याआधी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. काय मागते ते देवाला माहीत.

८ डिसेंबर, सोमवार

निष्कलंक मातेचा सण. मिसेला गेले. सबंध वेळ मनात प्रिचर्ड.

१० डिसेंबर, बुधवार

तिसऱ्यांदा ताल्सा!! बस्स झालं.

उद्या चर्चच्या हॉलमध्ये चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, जेवण आहे. प्रिचर्ड दर वर्षी वाढायला उभा असतो. बघतेच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल काय झालं ते सगळं लिहून काढते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

हॉल भरलेला. चिलीच्या वाट्या, शेजारी दालचिनीचे रोल. प्रिचर्ड गळ्यात एप्रन अडकवून मोठ्या पळीने वाढत होता. माझा नंबर आला. मी वाटी पुढे केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात विचारलं:

"काय हो मिस्टर प्रिचर्ड, ताल्साची हवा कशी आहे?"

"ताल्सा?"

"आठवड्यात तीनदा गेलात, हवेकडे लक्ष गेलंच असेल."

गॉर्डी लगेच फोन वर धरून उभा राहिला, कोर्टात पुरावा धरावा तसा. मग मी सुरू झाले. मला शाळेतल्या सिस्टर स्कोलास्टिकाने शिकवलंय, रागावताना आवाज खाली आणायचा आणि वाक्य पुरं करायचं. मी सगळी पुरी केली. चौतीस वर्षं एक माणूस मैदानावर उभा राहतो, एकाही पोराला शिवी देत नाही, त्याच्या हाताखालचे तीसेक जण आज डॉक्टर, वकील, एक तर पाद्री आहे. आणि तुम्ही कॉलेजचं विमान घेऊन मिसरूड न फुटलेल्या पोराच्या दारात बसता! लाज वाटली नाही तर निदान पेट्रोलची तरी वाटू द्या!

प्रिचर्डने पळी खाली ठेवली.

"मिसेस हॅवलिक," तो म्हणाला, "विमानाचं डावं चाक उतरल्यावर नीट बसत नाही. ताल्साला दुरुस्तीचा कारखाना आहे. वैमानिक एकटा जातो. तिसऱ्यांदाही जमलं नाहीये. मी दोन आठवडे गाडीनेच हिंडतोय."

आधी कोण हसलं माहीत नाही, बहुतेक फादर मार्टी. मग सगळा हॉल! लॉरीनला तर ठसका लागला. गॉर्डीने फोन खिशात घातला आणि रोल घ्यायला निघून गेला. गद्दार!

दुसरी कुणी असती तर वाटी घेऊन कोपऱ्यात बसली असती. मी हलले नाही. "ठीक आहे. विमानाची माफी मागते. पण मग एमेटमध्ये कमी काय आहे तेवढं सांगा."

प्रिचर्डने एप्रनला हात पुसले. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "काहीच नाही. म्हणून तर केसलर गेला त्याच दिवशी मी त्याला विचारलं. हंगामी नव्हे, कायम. तो म्हणाला, थोडा वेळ द्या. तीन वर्षांपूर्वी केसलरच्या आधीही त्यालाच विचारलं होतं. तेव्हा सरळ नाही म्हणाला. मला वाटलं... तुम्हाला हे माहीत असेल."

"अर्थातच माहीत आहे," मी म्हटलं.

आणि वाटी घेऊन खुर्चीवर येऊन बसले. चिली कशी झाली होती, देव जाणे.

आज सकाळी नाश्त्याला विचारलं, "किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"एमेट."

तो टोस्टला लोणी लावत राहिला, पार कडेपर्यंत. "तीन," म्हणाला. "आत्ताचं धरलं तर चार."

तिसऱ्या गावात एकदा. नवव्या गावात एकदा. इथे एकदा. आणि कोट घालून जायचा तो मुलाखतीला नव्हे, नकार द्यायला! 'दुसऱ्याला घेतलं' — खोटं नव्हतंच म्हणे ते. यानेच नाही म्हटल्यावर त्यांनी खरोखर दुसऱ्याला घेतलं!

मी सेंट जूडच्या तीन नोव्हेना केल्या होत्या! नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना! गुडघे झिजवले! तो बिचारा संत दर वेळी नोकरी आणून दारात ठेवत होता आणि हा गुपचूप परत पाठवत होता! आणि ज्या संचालकांची नावं मी रात्री देवाच्या कानावर घालते, ते सगळे निर्दोष! आता त्या प्रार्थना मागे कशा घ्यायच्या?

"का?" मी विचारलं.

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "नव्या पोराला संघात घ्यायचं तर मुख्य कोचला त्याच्या घरी जावं लागतं, फिल. आईसमोर बसावं लागतं. ती जेवायला घालते, आणि मग विचारते: माझा मुलगा शिकून बाहेर पडेपर्यंत तुम्ही इथे असाल ना? सगळे हो म्हणतात. केसलर हो म्हणाला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मला ते जमत नाही."

"आणि तुला विचारलं तर तू काय सांगतोस?"

"सांगतो, मी कुठे असेन मला माहीत नाही. पण असेन तोवर पाय कुठे रोवायचे ते शिकवीन. सहाय्यकाला एवढं पुरतं. मुख्य कोचला नाही पुरत."

म्हणजे परक्या आयांशी खोटं बोलवत नाही. बायकोशी चौतीस वर्षं चालतं! तसं तोंडावर म्हटलं मी.

"तुला सांगितलं असतं तर तू मला हो म्हणायला लावलं असतंस."

"लावलंच असतं!"

"तेच तर," म्हणाला आणि टोस्ट खाल्ला.

१४ डिसेंबर, रविवार

तिसरा दिवस, अबोला. वाढते, उचलते, बोलत नाही. त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही, हा खरा अपमान आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

प्रिचर्डला बुधवारपर्यंत उत्तर हवंय. अबोला परवडेना.

तो भांडी धूत होता, मी पुसत होते. म्हटलं, "मला रागावून कंटाळा आला. आता नीट ऐक. हो म्हटलंस तर ते खोटं ठरेल अशी भीती आहे ना तुला? मग खोटं ठरू देऊ नकोस. जाऊच नकोस कुठे. चार वर्षं इथे राहा. यात काय अवघड आहे?"

"आणि बोलावणं आलं तर?"

"नाही म्हणायचं. तुला सराव आहे."

हसला. पहिल्यांदाच हसला या आठवड्यात. मग ताट धरून तसाच उभा राहिला. "मुख्य कोच म्हणून बोलावलं तर नाही म्हणेन, चटकन," म्हणाला. "पण एखाद्या मोठ्या ठिकाणी नुसती फळी दिली तर... पाच पोरं, बाकी कसली कटकट नाही... फिल, ते मात्र मला नाही म्हणवणार नाही. खरं सांगतो."

खरं बोलायला लागला की आवरत नाही हा माणूस. एकसष्टाव्या वर्षी कोण बोलावतंय, मी म्हटलं. धू ते ताट.

१७ डिसेंबर, बुधवार

हो म्हणाला!! सही केली. मुख्य कोच एमेट हॅवलिक! लॉरीनच्या आधी मला कळलं, हे इतिहासात पहिल्यांदा.

सेंट जूडसाठी मेणबत्ती. मोठी.

२० डिसेंबर, शनिवार

टेक्सस. हरलो, सतरा–चौदा. कुणाला फिकीर!

६ जानेवारी, मंगळवार

आज पोराच्या घरी गेलो. मीसुद्धा! आजवर कधी गेले नव्हते. एमेट म्हणाला, "पहिल्या वेळेला चल. घशाला कोरड पडते." बायकोला नेलेलं नियमात बसतं का हे त्याने आधी कॉलेजच्या नियमवाल्याला फोन करून विचारलं. या खेळाची नियमांची चोपडी बायबलाहून जाड आहे आणि तिच्यात क्षमा कुठेच नाही.

दोन तास पश्चिमेला, कत्तलखान्यांचं गाव. पोराचं नाव इफ्रेन. सहा फूट पाच इंच. दारातून वाकून येतो आणि आईच्या हाताखाली ताटं मांडतो. आई ओफेलिया रोसालेस, हाडं वेगळी करायच्या विभागात कामाला, मनगटांना पट्टे बांधलेले. भिंतीवर आमचीच देवमाता, फक्त जास्त सोनेरी. तीन राजांचा सण म्हणून गोल गोड पाव केला होता.

बाई कमी बोलते, पण नेम धरून. एमेट बसायला लागला तशी म्हणाली, "त्या खुर्चीवर नको. तिच्यावर तो केसलर बसला होता."

एमेट सोफ्यावर बसला.

"तीन वाट्या पोझोलेचा रस्सा खाल्ला त्याने माझ्या हातचं," ती म्हणाली. "मी विचारलं, चार वर्षं असाल ना? तो म्हणाला, तुमचा मुलगा तो माझा मुलगा. मग पोराला वर्तमानपत्रातून कळलं, बाप पळाला." इफ्रेन म्हणाला, "आई, पुरे ना." ती म्हणाली, "तू गप्प बस, तुला अजून झोपताना दिवा लागतो." मग एमेटकडे वळली. "आता तुम्ही सांगा. असाल?"

एमेटने तोंड उघडलं. मला दिसत होतं, तो खरं तेवढंच सांगणार, 'मी कुठे असेन मला माहीत नाही', आणि बाई दार दाखवणार.

"असेल," मी म्हटलं.

"तुम्ही कोण सांगणार?"

"मी त्याची बायको. बारा घरं आवरली मी याच्यापायी, तेरावं आवरणार नाही. आणि याला साधं अंडं उकडता येत नाही. माझ्याशिवाय कुठे जाईल आणि काय खाईल?"

बाईने एमेटला विचारलं, "खरंच अंडं येत नाही?"

"फुटतं," एमेट म्हणाला.

तेव्हा ती हसली. मोठ्याने, पट्टे बांधलेला हात तोंडावर धरून. मग पावाचा तुकडा मला कापून दिला, आणि दाताखाली कटकन चिनीमातीची बाहुली! ज्याच्या वाट्याला बाहुली येईल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना जेवायला घालायचं, अशी त्यांची रीत. "आता तर तुम्ही बांधल्या गेलात," बाई म्हणाली. "तमाले लागतात, मक्याच्या पानात उकडलेले. मी शिकवीन." एमेट लगेच घाईघाईने म्हणाला, "हे नियमात बसतं का ते विचारावं लागेल."

इफ्रेन आमच्या संघासाठी सही करणार आहे.

परतीच्या वाटेवर एमेट शिटी वाजवत होता. मध्येच थांबून म्हणाला, "फिल, तू शब्द दिलास."

"दिलाच. आपण दोघांनी दिला."

"हो," म्हणाला, आणि पुन्हा शिटी.

११ जानेवारी, रविवार

एमेट बाहेर गॉर्डीच्या दारातला बर्फ ओढत होता. त्याचा फोन टेबलावर वाजला. मी घेतला. केसलर! मी हॅलो म्हणायच्या आतच सुरू झाला: "कोच, ब्रॉडी बोलतोय. माझ्याकडे इकडे या. नुसती फळी. पाच पोरं — देशातली सगळ्यात दांडगी. कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही. कोच? ऐकताय ना?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

मग केसलरचा नंबर एमेटच्या फोनवर कायमचा बंद करून टाकला. खिडकीतून बघितलं, एमेट फावडं टेकून गॉर्डीशी हसत होता.

फादर मार्टींना ईस्टरच्या आधी पापकबुलीत सांगेन. एमेटला चार वर्षांनी.